कोथरूडातला ड्रायव्हिंग क्लास : पाचपैकी तीन

क्लासचं नाव लिहीत नाही. पौड रोडला लागून आहे, एवढं पुरे. फी साडेपाच हजार, त्यात लर्निंग लायसन्सचं कामही. ते मात्र त्यांच्याकडे देऊ नका. आधार असेल तर सरकारच्या सारथी पोर्टलवर परीक्षा घरबसल्या देता येते. भाचीने जेवणं आटोपल्यावर मला बसवलं आणि झोपायच्या आत लायसन्स हातात!

गाडी जुनी वॅगन-आर. सीट पुढे घ्यायचा दांडा अडकलेला, म्हणून पाठीशी घरची उशी. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात, नियमच आहे तसा. पण खरी मेख तिथेच. पहिले काही दिवस गाडी एकदाही बंद पडेना, मला भारी वाटायचं. मग जाणवलं, मी क्लच सोडत असताना पेडल माझ्या पायाखालून आपोआप खाली जातंय. बघते तर सरांची चप्पल त्यांच्या क्लचवर! एका हातात मोबाईल, आणि पायाने गाडी तेच चालवतायत. पाय काढा म्हटलं, तर म्हणे, "काकू, गाडीची क्लचप्लेट जाईल."

ऑफिसात जाऊन सर बदलून मागितले. भांडावं लागलं, पण दुसरा मुलगा हिरा निघाला. पाय मागे सीटखाली घेऊन बसायचा. चांदणी चौकाच्या चढाला त्याने हँडब्रेक लावून गाडी उभी करवली. मागे पीएमपीची बस हॉर्न वाजवतेय आणि हा शांत. "क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट जरा उचललं की पाय तिथेच धरा. आता हँडब्रेक खाली." गाडी तसूभरही मागे गेली नाही. हाफ क्लच म्हणजे काय, ते त्या दिवशी पायाला कळलं. एक तारा त्या मुलाचा जास्तच.

पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत गाडीने आठचा आकडा काढावा लागतो, तो चांगला घोटून घेतात. लर्निंगनंतर तीस दिवसांनी परीक्षा देता येते, लर्निंग सहा महिने चालतं, त्यामुळे त्यांच्या घाईला भुलू नका. सकाळी सातची वेळ मागा. नंतर कर्वे पुतळ्यापाशी नुसतं पहिल्या गियरमध्ये बसावं लागतं.

पार्किंग कोर्समध्ये नाही. जादा पैसे मागितले, मी दिले नाहीत. ते आमच्या वॉचमनकाकांनी "येऊ द्या, येऊ द्या, बास!" करत शिकवलं.