वेस्ट यलोस्टोनचे स्नोमोबाइल ट्रेल: ओल्ड फेथफुल, कॅन्यन की टू टॉप?

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या वेस्ट यलोस्टोन गावातून स्नोमोबाइलचे, म्हणजे पुढे स्की आणि खाली ट्रॅक (फिरणारा पट्टा) असलेल्या बर्फावरच्या गाडीचे, दोन अगदी वेगळ्या जातीचे ट्रेल निघतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा पश्चिम दरवाजा गावाला लागूनच आहे आणि बाकीच्या बाजूंना राष्ट्रीय वनांतले डोंगरी ट्रेल आहेत. बहुतेक जण उद्यानातल्या ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या उसळत्या फवाऱ्याचं (गायझर) बुकिंग करून मोकळे होतात. पण निसर्गासाठी जायचं असेल आणि हाताशी एकच दिवस असेल, तर आमचा कौल डोंगरावरच्या टू टॉप ट्रेलला आहे. अट एकच, आकाश निरभ्र हवं.

टू टॉप हा अमेरिकेत राष्ट्रीय दर्जा मिळालेला पहिला स्नोमोबाइल ट्रेल. साधारण 50 किमीचा हा फेरा मोंटाना आणि आयडाहोच्या सीमेवरच्या खंडविभाजक कण्यावर (जिथून पाणी एकीकडे पॅसिफिककडे आणि दुसरीकडे अटलांटिककडे वाहतं) चढतो. वरची झाडं वाऱ्यासोबत येणारं बर्फ आणि गोठलेलं धुकं अंगावर घेत फुगत जातात, इतकी की फांद्या दिसेनाशा होतात. इथे त्यांना ‘स्नो घोस्ट’ म्हणतात. हवा स्वच्छ असली की दक्षिणेला टीटन पर्वतरांगेची शिखरंही दिसतात. ढग उतरले की मात्र यातलं काहीच हाती लागत नाही. सावल्या नाहीशा होतात, जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं होतं आणि पुढचा खड्डा स्की त्यात गेल्यावरच कळतो. अंबर काचेच्या गॉगलने थोडा फरक पडतो, पण दाट धुक्यापुढे त्याचं काही चालत नाही. माथ्यावरचा वारा ट्रेल बुजवून टाकतो, म्हणून खुणेच्या खांबांची रांग सोडू नका. ट्रेलबाहेरच्या मोकळ्या उतारांचा मोह आवरा. जायचंच असेल तर गॅलटिनच्या हिमस्खलन केंद्राचा त्या दिवसाचा अंदाज वाचा आणि प्रत्येकाजवळ बीकन (गाडलेल्या माणसाचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरण्याचा सराव असू द्या.

वेळेबद्दल. ग्रूमर, म्हणजे ट्रेल सारखा करणारं यंत्र, सहसा रात्री फिरतो आणि सारखं केलेलं बर्फ घट्ट व्हायला काही तासांची थंडी लागते. म्हणून सकाळचा ट्रेल गुळगुळीत मिळतो. दुपारपर्यंत गाड्यांच्या ये-जा करण्याने त्यावर एकामागोमाग उंचवटे तयार होतात आणि शनिवारी तर कंबर आणि मनगटं बोलायला लागतात. आठवड्याच्या मधला दिवस निवडा.

उद्यानातला अनुभव वेगळा आहे. मोसम साधारण 15 डिसेंबर ते 15 मार्च. व्यावसायिक गाइड घ्यावा लागतो किंवा स्वतःच्या गटासाठी लॉटरीतून परवाना मिळवावा लागतो, ज्याचे अर्ज सप्टेंबरमध्ये घेतले जातात. अशा गटात जास्तीत जास्त 5 गाड्या चालतात आणि दरवाजागणिक दिवसाला एकच गट सोडतात. चालवणाऱ्याकडे पूर्ण वैध ड्रायव्हिंग लायसन्स हवं, शिकाऊ चालत नाही. गाडी कमी आवाजाची, कमी धुराची, मान्यताप्राप्त मॉडेलचीच लागते. वेग ताशी 35 मैलांच्या आत ठेवायचा आणि रस्ता सोडायचा नाही. चालवण्याची मजा शोधणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. पण याच संथपणामुळे फायरहोल नदीकाठचे बायसन, वाफाळणारे झरे आणि बर्फाने मढलेली झाडं नीट बघता येतात. बायसन रस्त्यावर आले तर गाइड सांगेल तसं थांबायचं आणि किमान 23 मीटर अंतर राखायचं.

ओल्ड फेथफुल 30 मैलांवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 97 किमी. वाटेतल्या ग्रँड प्रिझमॅटिक या गरम झऱ्याचे रंग बघायला म्हणून हिवाळ्यात जाऊ नका, कडक थंडीत वाफेचा पडदा सगळं झाकतो. कॅन्यन, म्हणजे यलोस्टोन नदीची खोल घळ, 40 मैलांवर आहे. तिथला 94 मीटरचा लोअर फॉल्स धबधबा अर्धवट गोठलेला असतो आणि आमच्या मते उद्यानातलं हिवाळ्यातलं सर्वात देखणं ठिकाण तेच. पण जाऊन-येऊन जवळपास 130 किमी होतात, त्यामुळे नवख्यांनी आणि लहान मुलं सोबत असलेल्यांनी ओल्ड फेथफुलच घ्यावं.

भाड्याची गाडी घेताना ट्रॅक बघा. खोल बर्फासाठीचा लांब, उंच दातांचा ट्रॅक कडक ट्रेलवर नडतो. इंजिन थंड राहतं ते ट्रॅकने उडवलेलं बर्फ वरच्या हीट एक्सचेंजरवर आदळल्यामुळे. ट्रेल काचेसारखा कडक असला की ते उडतच नाही, तापमानाचा दिवा लागतो आणि ट्रॅकच्या आतल्या, तो ज्यांवरून सरकतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याही झिजतात. अशा दिवसांसाठी स्क्रॅचर (कडक बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा) बसवलेली गाडी मागा. दिवा लागलाच तर कडेच्या मऊ बर्फात थोडं चालवा.

कपड्यांत कंजुषी नको. उणे 15 अंशांत ताशी 50 किमीचा वारा अंगावर आला की उघड्या त्वचेला उणे 29 सारखं झोंबतं. सुती कपडा आत नकोच, घामाने ओला झाला की वाळत नाही. हेल्मेटची काच गरम होणारी किंवा दुपदरी असावी, नाहीतर श्वासाने ती आतून गोठते. थ्रॉटल अंगठ्याने दाबायचं असतं, त्यामुळे सर्वात आधी तोच बधिर होतो. निघण्यापूर्वी हँडल आणि अंगठ्याचा हीटर दोन्ही चालू करून बघा.

उद्यान आणि टू टॉप दोन्ही करायचं असेल तर उद्यानाची तारीख आधी पक्की करा, कारण ती आगाऊ ठरवावी लागते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना टू टॉपसाठी एकेक दिवस मोकळा ठेवा. टू टॉपची गाडी आदल्या संध्याकाळी हवामान बघून घ्या, फक्त नाताळात आणि फेब्रुवारीच्या सुट्ट्यांत ती ऐनवेळी मिळेलच असं नाही. ट्रेल पास भाड्यात धरला आहे का आणि मोडतोड झाल्यास किती रकमेपर्यंत भरपाई द्यावी लागेल, हे सही करण्यापूर्वी विचारा. ताब्यात घेतानाच स्की, बॉनेट आणि पुढच्या बंपरचे फोटो काढून ठेवा.