पहिल्याच पानावर आमचं घर निघालं

लेकीला दहावीला 91 टक्के पडले आणि तिने अकरावीला आर्ट्स घेतलं, त्यात समाजशास्त्र. "एवढे मार्क असून आर्ट्स?" हे मोठ्या दिरांचं. सासूबाईंना काळजी नोकरीची. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, समाजशास्त्र म्हणजे नक्की काय शिकवतात हे मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून एका नाइट ड्यूटीला तिचं पुस्तक घेऊन गेले. एनसीईआरटीचं, म्हणजे शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, अकरावीचं 'इंट्रोड्यूसिंग सोशिऑलॉजी', भाचीकडून आलेली जुनी प्रत.

पुस्तकाची सुरुवातच अशा सल्ल्यांनी होते. मन लावून अभ्यास कर, चांगलं होईल. अमुक विषय घे, नोकरी मिळेल. मुलाने हा विषय घ्यावा का? मुलीची ही निवड व्यवहाराला धरून आहे का? घरच्यांना तुझी कमाई लवकर हवी आहे. मग पुस्तक दाखवतं की हे सल्ले एकमेकांशी जुळतच नाहीत. सगळं मेहनतीवर असेल, तर नोकरीचा बाजार, मुलगा-मुलगी, घरची परिस्थिती हे मध्ये कुठून आलं? आमच्या बैठकीच्या खोलीत महिनाभर चाललेला वाद तिथे छापलेला होता. मी ते पान दोनदा वाचलं.

दर्जा (समाजातलं माणसाचं स्थान) आणि भूमिका (त्या स्थानाकडून अपेक्षित वागणं) हा भाग मला सगळ्यांत आवडला. नोकरी करणाऱ्या बाईची घर आणि कामात होणारी ओढाताण, तिला 'भूमिका संघर्ष' म्हणतात. लेकीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी वॉर्डात असते, त्याला नाव आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. पुढे लगेच मेघालयातल्या खासी पुरुषांचं उदाहरण येतं. तिथे घराणं आईकडून चालतं, त्यामुळे पुरुष बहिणीच्या घरची जबाबदारी आणि स्वतःची बायकोमुलं यांच्यात ओढला जातो. म्हणजे ओढाताण बाईच्या स्वभावात नाही, घर कसं बांधलंय त्यात आहे. हे उदाहरण आणखी दोन पानं चालायला हवं होतं.

त्याच प्रकरणात जात, वर्ग, गट, सामाजिक नियंत्रण असं एकामागून एक येतं आणि जातीसारख्या विषयाला मिळालेली जागा मला फार तोकडी वाटली. पुस्तक पहिल्यांदा 2006 साली आलं, त्यामुळे मोबाइलवर वाढलेल्या मुलांना काही उदाहरणं लांबची वाटतात. चौकटीतल्या कृती मात्र सोडू नका. वर्गात त्या वेळेअभावी राहतात, घरी बसून करा. लेकीने एका दिवसात घरात कोण किती वाजता काय करतं हे लिहून काढलं. माझ्या रकान्यात पहाटे सव्वापाचपासून रात्री अकरापर्यंत नोंदी होत्या. ती वही मोठ्या दिरांनीही शांतपणे वाचली.

इंग्रजी आणि हिंदी पीडीएफ एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. माझं इंग्रजी बेताचं, तरी शब्दकोश जवळ ठेवून चार रात्रींत वाचून झालं.