अर्धी कवळी: ॲक्रिलिकची, धातूची, नायलॉनची की मुळीच नको?

काढता-घालता येणारी अर्धी कवळी बसवायची म्हटले की ती कशाची करावी, हा प्रश्न बहुतेकांना आधी पडतो. माझ्या मते कोणते दात गेले आहेत, हे त्याआधी पाहावे. समोरचा दात नसेल, तर साधी ॲक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची कवळीही बोलणे, हसणे आणि चारचौघांत वावरणे पुष्कळ सुकर करते. तोंडाच्या आरोग्याचा जीवनमानावरील परिणाम मोजणाऱ्या ‘ओएचआयपी-१४’ या प्रश्नावलीतही खाण्याच्या त्रासाबरोबर संकोचाची विचारणा असते, ती उगाच नव्हे.

ॲक्रिलिकची कवळी स्वस्त असते, लवकर तयार होते आणि पुढे आणखी एखादा दात गेला तर तो तिच्यात सहज जोडता येतो. मात्र ती जाड असते आणि चावण्याचा भार मुख्यतः हिरडीवर टाकते. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची ओतीव कवळी शिल्लक दातांवर टेकत असल्याने भाकरी चावताना कमी हलते, आणि टाळूवरच्या पातळ पत्र्यातून चहाची ऊब जाणवते. परंतु तिचा खर्च अधिक असतो आणि हसताना शेजारच्या दातांना धरणाऱ्या तिच्या पकडी दिसू शकतात. नायलॉनची लवचीक कवळी दिसायला सर्वांत सुबक असली, तरी तिचाही भार बहुधा हिरडीवरच येतो आणि दुरुस्ती अवघड असते, म्हणून तिची होणारी स्तुती मला अतिरंजित वाटते.

खरी अडचण खालच्या जबड्यात दोन्हीकडच्या दाढा गेल्यावर येते. मागे टेकायला दातच नसल्याने कवळी उचलली जाते, शेंगदाण्याचा कण खाली शिरून टोचतो आणि अखेर ती डबीतच राहते. डच दंततज्ज्ञ काईजर यांनी १९८१ मध्ये मांडले होते की, पुढचे दात आणि उपदाढा (सुळे व दाढांमधले दात) शाबूत व एकमेकांवर टेकणाऱ्या असतील, तर दाढांवाचूनही अनेकांचे चालते. अशा वेळी कवळी न घेणे हा पूर्णपणे समंजस पर्याय ठरतो. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दाताचा आधार, स्थिर खरे, पण खर्च आणि हाडाची स्थिती, दोन्ही जुळावी लागतात.

कोणतीही कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी लागते आणि पकडीखालचे दात नीट न घासल्यास किडतात. त्यामुळे सांधेदुखीने बोटे आखडलेल्या व्यक्तीने घट्ट पकडींची कवळी स्वीकारण्यापूर्वी दवाखान्यातच ती स्वतःच्या हाताने काढून-घालून पाहावी.