नवव्या महिन्यात बीपी वाढलं: कळा आणायच्या की वाट पाहायची?

छत्तिसावा आठवडा संपत आला होता. सिस्टरनी कार्डावर १४६/९४ लिहिलं आणि खाली रेघ मारली. चार तासांनी पुन्हा मोजलं तरी जवळपास तेच. डॉक्टरांनी विचारलं, "सदतीस पूर्ण झाले की कळा आणूया, की अजून थांबायचंय?" थांबायचं म्हणजे काही करायचं नाही आणि कळा आणायच्या म्हणजे उगाच घाई, असं तोवर माझ्या डोक्यात होतं. दोन्ही समज चुकीचे निघाले. आज कुणी याच प्रश्नापाशी अडली असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी आपलं बीपी कोणत्या प्रकारचं आहे ते विचारून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. वीस आठवड्यांनंतर, किमान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा जास्त आलं, पण लघवीतून प्रोटीन जात नाही आणि रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत, तर तो गरोदरपणातला नुसता वाढलेला रक्तदाब. प्रोटीन जातंय, किंवा प्लेटलेट घटल्यात, लिव्हर-किडनीचे आकडे बिघडलेत, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया. पहिल्याचा दुसरा व्हायला कधी कधी थोडेच दिवस लागतात. आकडा १६०/११० च्या घरात गेला असेल किंवा रिपोर्ट बिघडत असतील, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. तिथे निवड करत बसायला वेळ नसतो, डॉक्टर सांगतील तसं दाखल व्हायचं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. बीपीची गोळी आकडा खाली आणते आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका कमी करते, म्हणून ती घ्यायचीच. पण प्रीएक्लॅम्प्सियाचं मूळ वारेत, म्हणजे प्लासेंटात, असतं. सुरुवातीच्या महिन्यांत वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत, मग वारेतून असे घटक आईच्या रक्तात येतात की तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. गोळीने हे थांबत नाही. बाळ आणि वार बाहेर आल्यावरच आजार उतरणीला लागतो. म्हणून गोळीने बीपी १३० वर आलं तरी डॉक्टर प्रसूतीची तारीख काढतात, तेव्हा ते घाबरवत नसतात.

सदतीस आठवड्यांच्या आधी तराजू बाळाकडे झुकतो. नेदरलँड्समध्ये ३४ ते ३७ आठवड्यांच्या ७०३ बायकांचा अभ्यास झाला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. लगेच प्रसूती केलेल्या गटात ५.७ टक्के बाळांना श्वासाचा त्रास झाला, थांबलेल्या गटात १.७ टक्के. आईला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण लगेच प्रसूती केल्यावर १.१ टक्के होतं, थांबल्यावर ३.१. म्हणजे थांबण्याची किंमत आईच मोजते, पण ती एकूण कमी आहे आणि बाळाचा फायदा ठळक आहे. आई आणि बाळ दोघंही स्थिर असतील तर या टप्प्यावर डॉक्टर सहसा थांबतात, आणि मला ते पटतं. फक्त प्रीएक्लॅम्प्सिया पक्का असेल तर हिशेब थोडा बदलतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या २०१९ च्या अभ्यासात लवकर प्रसूती केल्यावर आयांचा त्रास घटला, पण नवजात कक्षात जास्त बाळं ठेवावी लागली, तीही मुख्यतः लवकर जन्मली म्हणून. अशा वेळी दोन्ही बाजू डॉक्टरांपुढे बसून नीट बोलून घ्याव्यात.

सदतीस पूर्ण झाले की चित्र पालटतं. नेदरलँड्समध्येच ३६ ते ४१ आठवड्यांच्या ७५६ बायकांचा अभ्यास २००९ साली आला. सगळ्यांचं बीपी वाढलेलं होतं, पण फार नाही. कळा आणलेल्या गटात ३१ टक्के बायकांची तब्येत बिघडली, वाट पाहिलेल्या गटात ४४ टक्के. यातला मोठा भाग बीपी एकदम चढण्याचा होता. आणि आपल्या सगळ्यांच्या मनातली भीती, "कळा आणल्या की सिझेरियन ठरलेलंच"? कळा आणलेल्यांत सिझेरियन १४ टक्के झालं, थांबलेल्यांत १९ टक्के. हा फरक एवढा मोठा नाही की कळा आणल्याने सिझेरियन टळतं म्हणावं, पण त्याने वाढत नाही एवढं नक्की म्हणता येतं. गर्भपिशवीचं तोंड अजून कच्चं आहे म्हणून थांबूया, असंही पुष्कळदा कानावर येतं. त्याच अभ्यासाचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा तोंड कच्चं असलेल्या बायकांनाच कळा आणण्याचा जास्त फायदा झालेला दिसला.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रोटीन नाही, रिपोर्ट स्वच्छ आहेत, बीपी गोळीवर शांत आहे, अशा बाईने ३८ व्या आठवड्यात प्रसूती करून घेतली काय किंवा आणखी थोडं थांबली काय, फारसा फरक पडला नाही, असं ब्रिटनमधल्या २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यामुळे फक्त बीपी असेल तर तुमच्या मनाला इथे खरी जागा आहे. प्रीएक्लॅम्प्सिया असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सदतीस झाले की थांबू नका.

कळा आणणं प्रत्यक्षात कसं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जेल किंवा गोळी ठेवतात, कधी छोटा फुगा घालून तोंड मऊ करतात, मग गरज पडली तर सलाइनमधून कळांचं औषध देतात. माझ्या बाबतीत पहिल्या गोळीपासून बाळाच्या रडण्यापर्यंत दीड दिवस गेला. पहिले बारा तास काहीच घडत नव्हतं आणि मला वाटलं, फसलं सगळं. फसलं नव्हतं. तोंड कच्चं असताना एवढा वेळ लागतोच. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे दर तासाला "झालं का?" विचारणारे फोन येणार नाहीत.

वाट पाहायची ठरलीच तर तीही कामच आहे. आठवड्यातून एक-दोनदा तपासणी, रक्त, लघवी, बाळाची वाढ पाहायला सोनोग्राफी, आणि घरी रोज बीपी. घरचं मशीन गरोदर बायकांवर तपासून पास झालेलं आहे ना, ते विचारूनच घ्या. प्रीएक्लॅम्प्सियात काही मशीन आकडा कमी दाखवतात. मी सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचे. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायांची अढी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प. पहिल्या आठवड्यात मी कुशीवर आडवी पडून वरच्या हाताला कफ, म्हणजे मशीनचा पट्टा, बांधत होते आणि सुंदर आकडे बघून खूश होत होते. तो हात छातीच्या वर असतो, म्हणून आकडा खोटा कमी येतो. सिस्टरनी वही पाहून एका वाक्यात चूक दाखवली. दंड जाड असेल तर मोठा कफ मागा, लहान कफ आकडा उगाच वाढवतो.

दिवसभर अंथरुणात पडून राहिलं किंवा मीठ तोडलं म्हणून हे बीपी उतरतं, असा पुरावा नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. दमलात की झोपा, एवढंच. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर ती गरोदरपणात चालणारी आहे का, हे विचारलंच पाहिजे. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा वापरतात. नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेली औषधं बाळाच्या किडनीला घातक असतात.

थांबलेल्या प्रत्येकीने पुढचं भिंतीवर लिहून ठेवावं आणि घरातल्या प्रत्येकाला वाचायला लावावं. गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं, दम लागणं, बाळाची हालचाल मंदावणं, रक्तस्राव. यातलं एकही झालं तर फोनवर सल्ला मागत बसू नका, निघा. घरी १६०/११० आलं तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तसंच असेल तर निघा. प्रीएक्लॅम्प्सियात येऊ शकणाऱ्या झटक्यांचा (फिट्सचा) धोका निम्म्याने कमी करणारं मॅग्नेशियम सल्फेट दवाखान्यातच मिळतं, घरी नाही.

आणि बीपीची वही बाळंतपणासोबत बंद करू नका. बीपी बहुतेकदा बाळ झाल्यावर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात जास्त चढतं, नेमकं जेव्हा सगळे बाळाकडे बघत असतात. माझा सगळ्यात मोठा आकडा पाचव्या दिवशी आला, १५८/१००, मांडीवर बाळ असताना. घरी जाताना दोन गोष्टी विचारून घ्या: गोळी कधीपर्यंत, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला.