६५ की ७२? सिगारच्या पेटीसोबतचे चौदा महिने

गेल्या मेमध्ये मेहुण्याने दुबईहून पंचवीस सिगारचा खोका आणला, म्हणून मी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार योग्य ओलाव्यात ठेवायची लाकडी पेटी, घेतला. दुकानदार म्हणाला, "सत्तर-सत्तर लक्षात ठेवा." म्हणजे ७० टक्के आर्द्रता आणि ७० फॅरनहाइट, आपले २१ अंश. पुण्यात, मेमध्ये! सिगारसाठी एसी लावला असता तर घरच्यांनी मलाच बाहेर झोपवलं असतं.

झाकणावरचा आर्द्रता मोजणारा काटा कायम ५८ दाखवायचा. कोरडं पडतंय म्हणून मी आतल्या स्पंजवर डिस्टिल्ड वॉटर घालत राहिलो. ऑगस्टमध्ये पेटी उघडली तर ट्रंकेतल्या गोधडीसारखा वास, आणि चार सिगारच्या टोकांना हिरवट लव. काही शौकीन अशा थराला 'प्लूम', म्हणजे सिगार छान मुरल्याची खूण, म्हणून मिरवतात. मी बोटाने पुसलं, खाली डाग राहिला. बुरशीच ती. चारही फेकल्या.

मग मिठाची परीक्षा केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. बाटलीच्या बुचात मीठ, त्यात ओल्या वाळूइतपत होईल एवढंच पाणी, आणि मीटरसकट झिपच्या पिशवीत एक दिवस बंद. आत ७५ टक्केच असतात. काटा ६४ वर! म्हणजे माझे ५८ हे खरे ६९ होते आणि मी वरून पाणी ओतत होतो. नवा डिजिटल मीटर ७३ दाखवतो. दोन मिळवून वाचतो.

स्पंज काढला आणि बोवेडाची पाकिटं घेतली. ती ओल देतात, जादा झाली तर शोषूनही घेतात. पाकिटावरचा आकडा म्हणजे ते राखतं ती आर्द्रता. आधी ७२ चं ठेवलं. सिगार दाबली की शिळ्या पोळीसारखी मऊ, ओढायला घट्ट, चवीला कडवट, एकाच अंगाने जळणारी, तीन-तीनदा पेटवायची. ६९ वर बरं, पण कडवटपणा पुरता गेला नाही. नोव्हेंबरपासून ६५. आता दाबली की जरा दबते आणि परत वर येते, राख इंचभर टिकते. ६२ वर दोन ठेवून पाहिल्या, मला भरभर जळाल्या. क्युबन ओढणारे बरेच जण मात्र तेच पसंत करतात.

उष्णतेचं दुखणं वेगळं. साधारण २४ अंशांच्या वर तंबाखूतल्या किड्यांची अंडी उबतात. तांदळात सोंडे होतात तशीच गत, पानाला आरपार भोकं. खोका आला त्याच आठवड्यात दुहेरी पिशवीत घालून तीन दिवस फ्रीजरमध्ये, खोवलेल्या खोबऱ्याशेजारी, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये ठेवला होता. एप्रिलमध्ये घरात ३३ अंश होते, तरी किडा दिसला नाही.

पेटीचं झाकण मात्र नीट बसतच नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत पाकीट दीड महिन्यात सुकून कडक झालं. शेवटी सगळं रबरी कडेच्या लॉकवाल्या डब्यात हलवलं, सोबत स्पॅनिश सीडरच्या दोन पट्ट्या. (हे लाकूड ना स्पेनचं, ना सीडर, झाड अमेरिकेतलं, कूळ आपल्या कडुनिंबाचं.) त्यानंतर मीटर ६४-६६ सोडून हललेला नाही.

अकरा उरल्यात. लाकडी पेटीत आता कटर आणि लायटर असतो. झाकणावरचा काटा परवा ५४ दाखवत होता, बाहेर धो-धो पाऊस.