देशी की इम्पोर्टेड इलेक्ट्रिक गिटार: बेळगावच्या हवेत पावसाळा-उन्हाळा वापरल्यानंतर

नेक (मान) सरळ आणि फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जागेवर असतील तर देशी इलेक्ट्रिक गिटार खुशाल घ्या. पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबक-कॉइल), पॉट (व्हॉल्यूम-टोन कमीजास्त करणारे), जॅक, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) सगळं नंतर बदलता येतं. नेकच चुकलेला असेल तर मात्र अर्ध्या किमतीत मिळाली तरी ती महागात पडते.

हा अनुभव दोन गिटारांचा आहे. एक कोलकात्यातल्या कारखान्यात बनलेली, नऊ हजारांच्या आसपासची. दुसरी इंडोनेशियात बनलेली, बावीस हजारांच्या घरातली. दोन्ही स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर मॉडेलच्या) घाटाच्या, ६४८ मिमी स्केलच्या (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी तेवढी), दोन्हींवर ०९–४२ जाडीच्याच तारा, आणि दोन्ही पावसाळ्यापासून एप्रिलपर्यंत बेळगावातच वाजत होत्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नाव भारतीय असलं म्हणजे गिटार भारतात बनलेली असतेच असं नाही. कित्येक भारतीय ब्रँडच्या इलेक्ट्रिक गिटार चीनमधून तयार होऊन येतात. खोक्यावरचं लेबल वाचा, आयात मालावर देश आणि आयातदार दोन्ही छापलेले असतात. ‘इम्पोर्टेड’ म्हणजे अमेरिकन, हाही गैरसमजच. आपल्या बजेटमधल्या स्क्वायर (फेंडरचा स्वस्त ब्रँड) बहुतेक इंडोनेशिया किंवा चीनच्या असतात. सीरियल नंबर ‘आयसीएस’ने सुरू होत असेल तर ती इंडोनेशियाची, पुढचे दोन आकडे सालाचे.

दुकानात गेल्यावर आधी वाजवू नका, मोजा. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) आतल्या कडेपासून १२व्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत स्टीलची पट्टी लावा. ६४८ च्या स्केलला ३२४ मिमी यायला हवेत, ५व्या फ्रेटला १६२.५ आणि ७व्याला २१५.५. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर गिटार परत ठेवा. फ्रेटची खाच चुकीच्या जागी कापलेली असेल तर सॅडल (तारेचं खालचं टोक टेकतं तो सरकणारा तुकडा) कितीही मागेपुढे केलं तरी कॉर्ड सगळीकडे सुरात लागणार नाही. आमची कोलकात्याची यात पास झाली. त्याच लॉटमधल्या दुसऱ्या एका गिटारला ७वा फ्रेट दीड मिमी पुढे होता. इम्पोर्टेडमध्ये खाचा संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कापलेल्या असतात, त्यामुळे हा दोष जवळजवळ दिसत नाही. जास्तीच्या पैशाचा मोठा भाग इथेच वसूल होतो.

मग फ्रेटची उंची. एटीएम कार्डाची लांब कड तीन फ्रेटवर आडवी टेकवून डोलवून बघा. टिकटिक आवाज आला तर मधला फ्रेट उंच आहे. देशीत असे चार उंच फ्रेट निघाले, इम्पोर्टेडमध्ये एक. उंच फ्रेट दोन प्रकारचा असतो. नीट ठोकलेला नसेल तर दाबल्यावर हलतो, तो प्लास्टिकच्या हातोडीने बसतो. हलत नसेल तर घासून लेव्हल करावा लागतो, आणि ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावं. मिरजेच्या सतारमेकरांचा हात जवारीवर (सतारीच्या घोडीचा माथा घासण्यावर) बसलेला असतो, हाडाची नट ते सुरेख घासून देतील. पण सतारीचे पडदे बांधलेले आणि सरकणारे, गिटारचे फ्रेट खाचेत कायमचे ठोकलेले. त्या कामाची सवय वेगळी.

देशी गिटारवरचा सगळ्यात मोठा आरोप म्हणजे ‘ट्यूनिंग टिकत नाही’, आणि बहुतेक जण थेट ट्यूनर बदलायला निघतात. पण बहुतेक वेळा दोष नटचा असतो. तार पिळताना नटपाशी ‘टक्’ आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे. आमच्या देशी गिटारची नट पोकळ प्लास्टिकची, तिसऱ्या (‘जी’ सुराच्या) तारेची खाच अरुंद आणि सगळ्याच खाचा उथळ होत्या. तपासायची रीत अशी: तार ३ऱ्या फ्रेटवर दाबा आणि १ल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. केसाएवढी हवी. व्हिजिटिंग कार्ड आत जात असेल तर नट उंच आहे, आणि १ल्या फ्रेटवरचा एफ सूर कायम चढा वाजणार. हाडाची नट बसवल्यावर त्याच जुन्या ट्यूनरांवर ही गिटार तासभराच्या कार्यक्रमात सुरात राहते. तोवर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं तरी काम चालतं.

आता हवा. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं, मार्चपासून तेच लाकूड आकसतं. अथणी, रायबाग, गोकाककडे ओल कमी, पण उन्हाळा जास्त कडक. देशी गिटारचा नेक या काळात जास्त हलला. लाकूड पुरतं वाळवलेलं नसावं. दोन्ही ऋतू बदलताना ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली लोखंडी सळई) फिरवावा लागला. इम्पोर्टेडला एकदाच, तोही थोडा. नेक कुठल्या बाजूला वाकेल याचा अंदाज बांधू नका, मोजा. १ल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि ८व्या फ्रेटवर फट बघा, ०.२५ मिमी हवी. त्याला गाडीचे टॅपेट सेट करायचं फिलर गेज चालतं, कुठल्याही ऑटो स्पेअर्समध्ये मिळतं. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट, एका वेळी पाव फेराच. मग गिटार रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजा. रॉड घट्ट वाटला तर जोर करू नका. रॉड तुटला की नेक गेला.

एप्रिलमध्ये दोन्ही गिटारांच्या फ्रेटची टोकं नेकच्या कडेने बाहेर आली, हात खालीवर नेताना बोट ओरबाडत होतं. लाकूड आकसतं, धातू नाही, एवढंच कारण. कडेला मास्किंग टेप लावून बारीक कानशीने टोकं घासा, पण कोरड्या दिवसांतच. तेव्हा ती सगळ्यात जास्त बाहेर असतात, त्यामुळे पुढे त्रास होत नाही. फ्रेटबोर्डला वर्षातून दोनदा मिनरल ऑइलचा हलका हात पुरे. खोबरेल लावू नका, ते खवट होतं आणि चिकटा धरतो. स्क्वायरच्या बऱ्याच मॉडेलांवर हल्ली शिसवीऐवजी ‘इंडियन लॉरेल’ची पट्टी येते. हा आपल्या पश्चिम घाटातलाच ऐन. त्याची रंध्रं मोठी असतात, तेल लवकर शोषतो आणि लवकर कोरडा दिसतो. त्याने घाबरून जाऊ नका.

पावसाळ्यात तारा आणि सॅडलचे बारीक स्क्रू गंजतात. देशीचे दोन स्क्रू ऑगस्टपर्यंत जाम झाले होते. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, स्क्रूंना मशीन ऑइलचा एकेक थेंब द्या, आणि ओलसर गिगबॅगेत गिटार बंद करू नका, बुरशी धरते.

आतल्या वायरिंगच्या बाबतीत देशी गिटार मागे आहे, पण तिथे सुधारायला जागाही सगळ्यात जास्त. केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला. ब्रिज पिकअप ६.१ किलोओहम, नेक ५.९, मधला थेट २४८. म्हणजे मधल्या पिकअपची कॉइल तुटलेली होती आणि मीटर फक्त २५० च्या पॉटचा रोध दाखवत होता. कॉइलची केसाहून बारीक तार आयलेटपाशी (जोडाच्या धातूच्या कडीपाशी) सुटलेली निघाली. एक वेढा उलगडून, एनॅमल खरवडून, टाका मारल्यावर पिकअप बोलू लागला. तीन पिकअपांतला एक दुबळा असला तर ते दुकानात नुसतं ऐकून सहज कळत नाही, मीटरवर लगेच कळतं.

गुरगुर जास्त असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर मागचं स्प्रिंगचं झाकण उघडा, स्प्रिंग अडकवलेल्या धातूच्या पट्टीवरचा (क्लॉ) अर्थिंगच्या वायरचा टाका सुटलेला असतो. तिथे २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ६० वॉटचं लागतं, नाहीतर टाका वरवर बसतो आणि पुन्हा सुटतो. मोठे इम्पोर्टेड पॉट आणताना लक्षात ठेवा: देशी आणि चिनी पिकगार्डची भोकं लहान असतात, ती रुंद करावी लागतात, आणि जुनी नॉब नव्या दांड्यावर बसत नाही.

हिशोब मांडला तर देशीवर हाडाची नट, फ्रेट लेव्हलिंग, जॅक, पॉट आणि शिल्डिंग (गुरगुर अडवणारं आतलं धातूचं अस्तर) मिळून साडेचार हजार गेले. साडेतेरा हजारांत ती आज इम्पोर्टेडच्या बरोबरीने स्टेजवर चालते. सोल्डरिंग आणि सेटअप स्वतः करणाऱ्याला किंवा हाताशी चांगला कारागीर असणाऱ्याला ती घ्यावी. निपाणी, चिकोडीसारख्या ठिकाणी राहणारा नवशिका, ज्याला सेटअपसाठी कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागणार, त्याने थोडे थांबून इम्पोर्टेडच घ्यावी. कुरिअरने मागवत असाल तर विक्रेत्याकडून १२व्या फ्रेटवर पट्टी लावलेला फोटो आधी मागवा, खोकं आल्यावर गिटार एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्या, आणि परत करायची मुदत संपायच्या आत मल्टिमीटर लावून बघा.