सत्तरीतली लाकडी केबिन: नकाशावर आहे, जागेवर नाही

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटात, सुर्लच्या बाजूला, थंडीत लाकडी केबिन भाड्याने घ्यायचा बेत असेल आणि ती तुम्हाला फोनवरच्या जाहिरातीत सापडली असेल, तर आगाऊ पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमच्या घरचे 29,000 रुपये गेले. त्यातले थोडे कुठल्याशा खात्यात गोठलेत, हातात अजून छदामही आलेला नाही.

मी फोंड्याचा, मामेबहीण पुण्याला, तिची नणंद बेळगावला. सगळ्यांना मधलं पडेल असं ठिकाण म्हणजे चोर्ला. आम्ही साखळी, केरी करत वर चढायचं, बेळगावकरांनी पलीकडून यायचं. मुलांना समुद्राचा कंटाळा आला होता, त्यांना जंगल आणि शेकोटी हवी होती. बहिणीला इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली.

जाहिरात भडक नव्हती. स्वस्त असेल तर संशय घ्या, असं सगळे सांगतात. इथे दर होता केबिनला रात्रीचे 7,000, म्हणजे डिसेंबरात गोव्यात कुणी भुवया उंचावणार नाही असा. दोन केबिन, दोन रात्री, एकूण 28,000, निम्मे आगाऊ. नकाशावर ठिकाण होतं, सुर्लच्या रस्त्याला खूण होती, तारे साडेचारच्या घरात, खाली भरपूर अभिप्राय. बहिणीने व्हिडिओ मागितला, तोही आला. मग ती मला म्हणाली, "दादा, तू तिथला आहेस, तू एकदा बोलून बघ."

मी बोललो. माणूस मराठी छान बोलत होता. केरी सोडल्यावर घाट कुठे लागतो, अंजुणेच्या धरणाचं पाणी कुठल्या वळणावरून दिसतं, पेट्रोल वाळपई किंवा साखळीतच भरून घ्या, सगळं बिनचूक. केबिनवरचा नंबर द्या म्हटलं तर म्हणाला, "वर रेंज नसते भाऊ, म्हणून बुकिंग पणजीतून." आता घाटात रेंज खरंच नसते. त्या एका खऱ्या गोष्टीआड त्याने जागेशी आमचा थेट संपर्क होण्याची वाटच बंद करून टाकली.

नकाशावर नवं ठिकाण कुणीही घालू शकतो. अभिप्राय लिहिणाऱ्यांच्या नावावर बोट ठेवून त्यांनी आणखी कुठे काय लिहिलंय ते पाहायचं असतं. आमच्या या 'पाहुण्यांनी' एकाच आठवड्यात सुर्ल, मनाली आणि उदयपूरच्या दातांच्या दवाखान्याची तोंड भरून स्तुती केली होती. व्हिडिओ फोंड्यातल्या मोठ्या पडद्यावर लावल्यावर केबिनमागची झाडं नीट दिसली. देवदार! सत्तरीत माट्टी असते, किंदळ असतो, काजू तर जिथे तिथे, देवदार हिमालयात. जाहिरातीत डिसेंबरात काजवे दाखवू असंही होतं. काजवे आपल्याकडे पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जूनमध्ये दिसतात. पुण्याच्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही, आणि जाहिरात त्यांच्यासाठीच होती.

आगाऊ 14,000 गेल्यावर पावती आली, शिक्क्यासकट. त्यावर जीएसटी क्रमांकही होता. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: गोव्याचे 30, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. गोव्यातल्या खोलीचा जीएसटी गोव्यातल्याच नोंदणीवर लागतो. आमच्या पावतीवरचा क्रमांक 07 ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला तर निघाला कुणा हार्डवेअरवाल्याचा. क्रमांक खरा, माणूस भलताच. तो हार्डवेअरवाला बिचारा कुठे आपली दुकानदारी करत बसला असेल. हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. छोट्या घरगुती व्यवसायाला जीएसटी नसतोही, त्यात वावगं काही नाही. पण पावतीवर क्रमांक छापलाय आणि तो दुसऱ्याचा आहे, तर तिथेच थांबायचं.

खरा फास पुढे होता. निघायच्या आधी फोन आला: केबिनमागे 5,000 सुरक्षा ठेव, परत मिळणारी. बहिणीने दोन केबिनचे 10,000 एकदम पाठवले. लगेच उत्तर आलं की ताई, सिस्टिम एकत्र रक्कम घेत नाही, प्रत्येक केबिनचे 5,000 वेगळे पाठवा, आधीचे 10,000 आपोआप परत येतील. तिने एक 5,000 पाठवले. मग म्हणे, शेरा लिहिताना केबिनचा नंबर चुकला, पुन्हा पाठवा. या पद्धतीची मेख अशी की दर वेळी तुम्ही नवे पैसे देत नसता, तुमच्या मनात तुम्ही जुने सोडवत असता. शेवटी त्याने एक क्यूआर कोड पाठवला, तो स्कॅन करून पिन टाका म्हणजे सगळी रक्कम खात्यात जमा होईल. तिथे बहीण थांबली. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. स्कॅनही देण्यासाठीच.

तोवर केरीतला माझा एक ओळखीचा बागायतदार त्या बाजूला जाणार होता. त्याला नकाशावरची खूण पाठवली होती. रेंजमध्ये आल्यावर त्याचा फोन आला: "हांगा कसलें कॉटेज, बाब? हें तर काजूंचें भाट." भाट म्हणजे बाग.

त्याच क्षणी 1930 लावला. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभराचा क्रमांक. खातं पुण्याचं, ठिकाण गोव्याचं, भामटा कुठला कोण जाणे, तरी तक्रार करता येते. बँकेचं नाव, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, एवढं समोर ठेवून फोन करा, कारण पलीकडचा हेच विचारतो. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवायचे. इथे एक अडचण आली. तो माणूस आपले व्हॉट्सअॅप संदेश आमच्या डोळ्यांदेखत पुसत होता. बोलणं चालू असतानाच स्क्रीनशॉट घेत राहा, भांडण नंतर करा. आमच्या रकमेपैकी 11,500 पुढच्या एका खात्यात अडकले, बाकीचे एटीएममधून निघून गेले होते. गोव्यात सायबर गुन्ह्यांचं पोलीस ठाणं रायबंदरला आहे. नाव-रूप बदलून ऑनलाइन फसवणूक केल्याचा गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ड कलमाखाली येतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पकडला गेला तर.

आणि एक. बहिणीने फेसबुकवर हे लिहिताच दुसऱ्याच दिवशी 'सायबर सेलचे अधिकारी' हजर: 2,000 प्रोसेसिंग फी भरा, रक्कम सोडवून देतो. पोलीस तक्रारदाराकडून फी घेत नाहीत. फसलेल्या माणसांच्या याद्या या धंद्यात फिरतात असं मला वाटू लागलंय.

मग गोव्यात तपासायचं कसं? फोनवर दिसणारं सगळं त्याच्या हातात असतं: फोटो, तारे, पावती, आवाज. त्याच्या हाताबाहेरचं काहीतरी विचारा. गोव्यात पर्यटकांना खोली देणाऱ्याला, अगदी घरगुती होमस्टेलाही, 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. प्रमाणपत्राचा फोटो मागा, आणि त्यावरचा क्रमांक पणजीच्या पाटोवरल्या पर्यटन भवनाला विचारा, जाहिरातीतल्या नंबरला नव्हे. गावच्या पंचायतीत फोन केला तरी चालतं. सुर्लसारख्या गावात कुणाची केबिन आहे हे पंचाला माहीत नाही असं होत नाही.

आमच्या जाहिरातीत 'म्हादई अभयारण्याच्या गाभ्यात' असंही होतं, आणि त्या नावाने माणशी प्रवेश शुल्क मागायचीही तयारी होती. 1999 साली घोषित झालेलं हे अभयारण्य दोनशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. वन्यजीव कायद्यानुसार आत जायची परवानगी वनखातं देतं, कुणा व्यवस्थापकाचा यूपीआय आयडी नव्हे. आणि कुणी चोर्ल्याहून दुधसागर 'चालत अर्ध्या तासावर' म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. दुधसागरला जायचं ते घाट उतरून मोले, कुळेला, आणि तिथून जीपने.

जंगलातच राहायचं असेल तर वन विकास महामंडळाची कॉटेजेस बोंडल्याला आणि खोतीगावला आहेत. लाकडी नाहीत, शेकोटीचे फोटोही छापत नाहीत. आम्ही शेवटी मुलांना बोंडल्याला नेलं. फक्त गुरुवार टाळा, त्या दिवशी तिथलं प्राणिसंग्रहालय बंद असतं.